टेस्टकंटेनर्स काही महिने वापरल्यावर: कंटेनर सुरू होतो छान, बंद कसा होतो?

टेस्टकंटेनर्स ही टेस्टपुरते डॉकर कंटेनर (डेटाबेससारखा प्रोग्राम वेगळा पाडून चालवणारे डबे) उभे करणारी लायब्ररी. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण कंटेनर सुरू कसा करायचा तेवढं दाखवून थांबतात. ते खरंच सोपं आहे. जावात तीन-चार ओळी लिहिल्या की टेस्टसाठी खराखुरा पोस्टग्रेस डेटाबेस उभा राहतो, रिकामा पोर्ट आपोआप मिळतो, आणि इन-मेमरी डेटाबेसवर पास होऊन प्रॉडक्शनमध्ये आपटणाऱ्या क्वेरींची कटकट संपते. पण जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवरच्या एका बऱ्यापैकी मोठ्या प्रोजेक्टवर काही महिने रोज वापरल्यावर माझं मत असं झालंय की ही लायब्ररी जोखायची ती तिच्या स्टॉपवरून. त्यामुळे पुढचं बरंचसं कंटेनर बंद होण्याबद्दलच आहे.

सुरू होण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडली. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) पहिल्यांदा चालू होताना आधी एक तात्पुरता सर्व्हर उठवते, त्यात युजर-डेटाबेस तयार करते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर चालू करते. म्हणून ‘कनेक्शन घ्यायला तयार आहे’ अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये दोनदा येते. पहिल्या ओळीवर विसंबून कनेक्ट केलं तर कधी जमतं, कधी तोंडावर आपटतं. टेस्टकंटेनर्सचं पोस्टग्रेस मॉड्यूल ती ओळ दुसऱ्यांदा दिसेपर्यंत थांबतं. ‘स्लीप १५’ लिहून देवावर हवाला ठेवणाऱ्या स्क्रिप्ट ज्यांनी सांभाळल्यात त्यांना याची किंमत कळेल.

आता बंद होण्याकडे. टेस्ट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘डॉकर पीएस’ (चालू कंटेनरांची यादी) मारा. तुमच्या डेटाबेसशेजारी एक न मागितलेला कंटेनर दिसेल: ऱ्यूक. या लायब्ररीतला सगळ्यात हुशार भाग हाच. तो डॉकरचा सॉकेट, म्हणजे डॉकरला हुकूम देण्याची वाट, धरून बसतो. टेस्टची प्रोसेस त्याला एक साधं टीसीपी कनेक्शन जोडते आणि या सेशनच्या कंटेनरांवर कुठलं लेबल आहे ते कळवते. कनेक्शन जिवंत आहे तोवर ऱ्यूक काहीही करत नाही. ते तुटलं की डीफॉल्टने १० सेकंद वाट बघतो, कुणी परत जोडलं नाही तर त्या लेबलचे कंटेनर, नेटवर्क, व्हॉल्यूम सगळं काढून टाकतो आणि स्वतःही बंद होतो.

हे शटडाउन हुकने झालं नसतं का? नसतं. जेव्हीएमचा (जावा प्रोग्राम जिच्यात चालतो ती प्रोसेस) शटडाउन हुक, म्हणजे जाता जाता चालणारा कोड, प्रोसेस नीट बंद होताना चालतो, सिगकिलवर (तिथल्या तिथे मारणारा सिग्नल) नाही. आणि टेस्टच्या प्रोसेस नीट कुठे मरतात? कुणी ब्रेकपॉइंटवर थांबून आयडीईतलं लाल बटण चिडून पुन्हा पुन्हा दाबतं, सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारा सर्व्हर) टाइमआउट झाला म्हणून जॉब उडवतो, मेमरी संपली की कर्नल स्वतःच बळी निवडतो. मी मुद्दाम करून पाहिलं: टेस्ट ब्रेकपॉइंटवर अडकवली, जेव्हीएमला ‘किल माइनस ९’ (म्हणजे सिगकिल) दिलं आणि ‘डॉकर पीएस’ वर नजर ठेवली. आधी काहीच होत नाही, मग डेटाबेस गायब, त्यापाठोपाठ ऱ्यूक गायब. साफसफाईचं काम ज्याने पसारा केला त्याच्याकडे न ठेवता बाहेरच्या पहारेकऱ्याकडे दिलंय, म्हणून हे जमतं.

याची दुसरी बाजू म्हणजे ऱ्यूकला डॉकरचा सॉकेट लागतो, आणि कडक बंदोबस्ताच्या सीआयवर तो मिळेलच असं नाही. मग लोक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ऱ्यूक बंदच करतात. प्रत्येक जॉबला नवं व्हर्च्युअल मशीन मिळून ते नंतर फेकलं जात असेल तर हरकत नाही. पण रनर (जॉब चालवणारं मशीन) कायमचा असेल तर हे करू नका, उरलेले कंटेनर साचत जातात आणि डिस्क भरल्यावरच कुणाला तरी जाग येते.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ती. जावा आवृत्तीत कंटेनरवर ‘स्टॉप’ बोलावलं की आपल्याला वाटतं ‘डॉकर स्टॉप’ होत असेल, म्हणजे आधी सिगटर्म (‘आवरून बंद हो’ सांगणारा सिग्नल), १० सेकंदांची मुदत, मग सिगकिल. तसं होत नाही. आतमध्ये थेट किल आणि लगेच व्हॉल्यूमसकट रिमूव्ह होतं. डेटाबेससाठी हे योग्यच आहे, टेस्ट संपल्यावर त्या डेटाचं लोणचं घालायचंय का? मॉड्यूल तर पोस्टग्रेसचं एफसिंकसुद्धा (डेटा डिस्कवर पक्का लिहिला गेल्याची खात्री करणं) बंद ठेवूनच चालवतं. पण तुम्ही स्वतःच्याच सर्व्हिसची इमेज या लायब्ररीतून उठवून टेस्ट करत असाल तर चित्र बदलतं. तुमचा शटडाउन हुक चालत नाही, अर्धवट रिक्वेस्ट पूर्ण होत नाहीत, आणि बंद होताना फाइल लिहिणारी कव्हरेजची (टेस्टने किती कोड चालवला ते मोजणारी) साधनं रिकाम्या हाताने परत येतात. टेस्ट मात्र हिरवी.

ग्रेसफुल शटडाउन तपासायचं असेल तर लायब्ररीच्या आत असलेला डॉकर क्लायंट काढून घ्यावा लागतो आणि कंटेनरच्या आयडीवर मुदतीसह स्टॉप कमांड द्यावी लागते. त्यानंतर कंटेनर इन्स्पेक्ट करून एक्झिट कोड बघायचा. १४३ आला तर जेव्हीएमने सिगटर्म ऐकून आवराआवर केली (१२८ अधिक १५). १३७ आला तर मुदत संपून सिगकिल बसला (१२८ अधिक ९). एवढी एक टेस्ट आम्ही प्रत्येक सर्व्हिसला लावली आणि तिने लगेच कमाई केली. एका जुन्या इमेजचा कोड १३७ येत होता, तोही दर वेळी मुदत पूर्ण खाऊन. एंट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताच चालणारी कमांड) म्हणून शेल स्क्रिप्ट होती आणि तिच्या शेवटच्या ओळीत जावाची कमांड सरळ लिहिलेली. म्हणजे कंटेनरमधली पीआयडी १, म्हणजे पहिली प्रोसेस, शेलची. पीआयडी १ ने एखाद्या सिग्नलसाठी हँडलर लावला नसेल तर कर्नल त्याचा नेहमीचा परिणाम होऊ देत नाही, सिगटर्म हवेत विरतो. शेल तो जावाला पुढे देत नाही. शेवटच्या ओळीच्या आधी ‘एक्झेक’ हा एक शब्द घातला, शेलच्या जागी जावा आलं, कोड १४३. कुबरनेटीसवर (प्रॉडक्शनमधले कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) हीच इमेज दर रोलआउटला डीफॉल्टची ३० सेकंदं अडून बसत होती आणि आजवर सगळे ‘जावा जडच असतं’ म्हणून गप्प होते!

इमेजप्रमाणे सिग्नलही बदलतो हे लक्षात ठेवा. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये स्टॉप सिग्नल सिगइंट ठेवलाय, कारण सिगटर्मवर पोस्टग्रेस जोडलेले क्लायंट स्वतःहून जाईपर्यंत वाट बघत बसतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या इमेजमध्ये सिगक्विट आहे, तिथे नीट बंद होण्याचा अर्थ त्या सिग्नलला आहे. ‘डॉकर स्टॉप’ हे पाळतं. टेस्टकंटेनर्सच्या किलला याचं देणंघेणं नाही.

जेयुनिट या जावाच्या टेस्ट फ्रेमवर्कबरोबर वापरताना कंटेनरचं आयुष्य फील्डवर ठरतं: स्टॅटिक फील्ड असेल तर क्लासभर, साधं असेल तर प्रत्येक टेस्ट मेथडला नवा. इथवर ठीक. गंमत सुरू होते ती सगळ्यांसाठी एक बेस क्लास करून त्यात कंटेनर अ‍ॅनोटेशनसह ठेवल्यावर. पहिला क्लास संपला की टेस्टकंटेनर्सचं जेयुनिट एक्स्टेन्शन कंटेनर बंद करतं, दुसऱ्या क्लासला तो नव्या पोर्टवर उठतो. पण स्प्रिंगने आधीचा कॉन्टेक्स्ट (जोडून तयार केलेलं अख्खं ॲप्लिकेशन) कॅश करून ठेवलेला असतो आणि त्यातला कनेक्शन पूल अजून जुन्याच पोर्टवर दार वाजवत असतो. हिकारी (तो कनेक्शन पूल) ३० सेकंद थांबतो, मग फेल. क्लास एकटा चालवला की पास, सगळे मिळून चालवले की फेल. यावर दोन उपाय आहेत. एक, स्टॅटिक ब्लॉकमध्ये कंटेनर एकदाच सुरू करायचा आणि स्टॉप कधीच बोलवायचं नाही, ऱ्यूक बघून घेतो. दोन, स्प्रिंग बूट ३.१ पासून कंटेनर बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतं तो ऑब्जेक्ट) म्हणून द्यायचा आणि त्यावर सर्व्हिस कनेक्शनचं अ‍ॅनोटेशन लावायचं.

मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण बंद होण्याचा क्रम बरोबर लागतो. आधी कनेक्शन पूल, मेसेज लिसनर वगैरे बंद होतात आणि नंतर कंटेनर, त्यामुळे बिल्डच्या शेवटी लॉगमध्ये पडणारा ‘कनेक्शन तुटलं’चा खच जातो. मात्र हे फुकट नाही. कंटेनर कॉन्टेक्स्टबरोबर जगतो, आणि टेस्टमध्ये वेगवेगळे मॉक (खऱ्याच्या जागी नकली) बीन लावलेत की प्रत्येक जोडणीला वेगळा कॉन्टेक्स्ट, म्हणजे वेगळा पोस्टग्रेस. कॅशची मर्यादा डीफॉल्टने ३२ कॉन्टेक्स्टची आहे. लॅपटॉपचा पंखा का भणाणतोय ते ‘डॉकर पीएस’ची यादी बघून समजतं. आम्ही मॉक कमी करून कॉन्टेक्स्ट मोजके केले; ज्यांना ते शक्य नाही त्यांनी स्टॅटिक ब्लॉकवरच राहावं.

राहता राहिला रीयूज, म्हणजे रन संपल्यावरही कंटेनर चालूच ठेवून पुढच्या रनला तोच वापरणं. होम फोल्डरमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये तो चालू करायचा आणि कोडमध्ये कंटेनरवरही सांगायचं, दोन्ही केल्याशिवाय लागू होत नाही, आणि ही दुहेरी कडी मला पटते. कंटेनरच्या कॉन्फिगरेशनवरून हॅश काढला जातो, तसाच कंटेनर आधीच चालू असेल तर तोच मिळतो. स्वतःच्या मशीनवर एकच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवताना याने जीव वाचतो. पण असे कंटेनर ऱ्यूकच्या हद्दीबाहेर असतात, ते आपणहून जात नाहीत, आणि आदल्या रनचा डेटा आत तसाच असतो. त्यामुळे प्रत्येक टेस्टने टेबलं स्वतः साफ करून सुरुवात करायला हवी. सीआयवर हे चालू करायचं कारण मला तरी सापडलेलं नाही. घरच्या मशीनवर सगळ्या टेस्टकंटेनर्सना ‘ओआरजी डॉट टेस्टकंटेनर्स’ हे लेबल असतं, त्यावर फिल्टर लावून आठवड्यातून एकदा झाडू मारला की भागतं.