इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर मुंबईत : आठ महिने, एक पावसाळा आणि उजव्या पॅनेलची टिकटिक

माझ्या स्पीकरजोडीतलं उजवं पॅनेल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बिघडलं. आधी थांबून थांबून टिक, टिक. मग सलग फुसफुस. मग आवाजच खाली आला आणि मधोमध ऐकू येणारा गळा डाव्या स्पीकरकडे सरकला. सर्व्हिस सेंटरने फोनवरच निकाल दिला : पॅनेल गेलं, बदलायची तर जोडीच बदला. सांगितलेल्या रकमेत दीड टनाचा एसी येऊन वर पैसे उरले असते. पॅनेल गेलेलं नव्हतं. पावसाळ्यात कुणी पॅनेल बदला म्हटलं तर आधी खोली कोरडी करा, मग पुढचं बोला.

जोडी वूफरवाली हायब्रिड आहे, म्हणजे खालचे सूर साध्या वूफरमधून, बाकीचे पॅनेलमधून. पॅनेलमध्ये आवाज काढते ती पातळ फिल्म, आणि तिला हलवतो दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरचा विद्युतदाब. यात एक मुद्दा सुटतो. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये ताणलेल्या फिल्मवर काही हजार व्होल्टचा बायस, म्हणजे कायम दिलेलं व्होल्टेज, असला तरी त्यामागचा करंट नगण्य असतो. फिल्मवरचा लेपही मुद्दाम प्रचंड रोधाचा, त्यामुळे चार्ज हळूहळू भरतो. कडांवरच्या धुळीत ओल मुरली की तोच चार्ज तिथून गळायला लागतो. भरतो त्यापेक्षा जास्त गळला की आवाज पडलाच. किनाऱ्यालगतच्या घरांत या धुळीत मीठही असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात उघडं स्वयंपाकघर असेल तर फोडणीचा तेलकट थर, आणि धूप-अगरबत्तीचा धूर. चार्ज असलेली फिल्म हे सगळं स्वतःकडे खेचते.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा. मोनो (दोन्ही स्पीकरवर अगदी सारखं) भाषण लावून बरोबर मध्यावर बसा. आवाज एका बाजूला सरकतोय असं वाटलं की अँप बंद करून त्याच्याकडच्या टोकाला डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. कमकुवत बाजू पालटली तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या मागे. तीच राहिली तर स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. मग दिवे घालवून जाळीकडे पाहा. एकाच जागी निळी ठिणगी दिसली तर तिथे केस, धागा किंवा पावसाळी चिलट अडकलंय. ठिणगी कुठेच नाही आणि फुसफुस सगळीकडून येतेय, तर संशय ओलीवर घ्या.

प्लग काढून २४ तास तसंच ठेवा, म्हणजे फिल्म धूळ सोडते. मग व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून, ओढ कमी ठेवून, पुढून आणि मागून वरून खाली फिरवा. ओलं फडकं नको, स्प्रे नको. ब्लोअर तर अजिबात नको, त्याने धूळ आत ढकलली जाते. नंतर दारं-खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर. आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळतो, तो स्पीकरच्या उंचीवर ठेवा. इथे आकडा ८४% होता. तो दोन दिवस ५५ च्या खाली राहिला आणि फुसफुस थांबली.

पण उजवी बाजू किंचित कमीच होती. तोवर ‘सगळा दोष हवेचा’ असं माझं मत होतं, ते इथे बदलावं लागलं. बायसचे बोर्ड डाव्या-उजव्यांत बदलून घेतले तर अशक्तपणा बोर्डाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला. बोर्डावरच्या व्होल्टेज मल्टिप्लायरचे (व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर आणि डायोड गळत होते. बोर्ड तळाशी, लादीपासून वीतभर वर. रोजच्या ओल्या पोछ्याची वाफ थेट त्याच्यावर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातले सुटे भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्डाची सफाई, नवं सोल्डरिंग, आणि काम संपलं. नव्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मूळपेक्षा कमी नको. हे हाय व्होल्टेज जाणणाऱ्याकडूनच करून घ्या; प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. साध्या मल्टिमीटरने बायस मोजू नका. तो त्या व्होल्टेजसाठी नसतो, आणि १० मेगाओहमचा मीटर लावला की बायसच कोसळतो. आता दोन्ही स्पीकर फळीवर आहेत. प्लॅस्टिकचं कव्हर मार्चमध्ये योग्य वाटलं होतं, पावसात त्याखाली ओल कोंडते. सुती चादर बरी.

अँपबद्दल थोडक्यात : पॅनेल कपॅसिटरसारखं वागतं, २० किलोहर्ट्झला रोध १ ओहमच्या आसपास किंवा खालीही जातो. स्वस्त रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात. महागडी केबल मात्र नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३ मीटरला, जाऊन-येऊन, ०.०५ ओहमच्या आत राहते.

पॅनेलच्या मागून पुढच्याइतकाच आवाज निघतो. भिंतीपासून ९० सेंटिमीटर सोडले तर मागचा आवाज सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा येऊन मिसळतो; त्याहून जवळ नेलं की आवाज गढूळ होतो. दहा फुटी हॉलमध्ये एवढी जागा कायमची अडवणं परवडत नाही, म्हणून लादीवर टेपच्या खुणा करून ऐकताना पुढे ओढायचे. तेवढं केलं की सतारीच्या तरफा वेगवेगळ्या मोजता येतात, आणि याच्यासाठी बाकीचा सगळा त्रास मला मान्य आहे.

जुनी जोडी घेणार असाल, मग ती क्वाड या ब्रिटिश कंपनीची १९५७ सालची असो की १९८१ ची ईएसएल-६३, बघायला ऑगस्टमध्ये जा. मालकाला एसी बंद करायला सांगा, मोनो भाषण लावा आणि तासभर मध्यावरून हलू नका.