डिस्क भरली? विझट्री घ्यावं की विनडिरस्टॅट

लग्नसराई आटोपली की तालुक्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांचा एकच प्रश्न असतो: "भाऊ, सी ड्राइव्ह लाल झाला, काय उडवू?" सेतू केंद्रवाल्यांचंही तेच, फक्त त्यांच्याकडे व्हिडिओऐवजी स्कॅन केलेले सातबारे आणि दाखले. उडवायच्या आधी जागा कोणी अडवली ते पाहा. त्यासाठी चित्र काढून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत.

त्यांत वेगात विझट्रीला तोड नाही. एनटीएफएस डिस्कवर (विंडोजची डिस्क सहसा याच पद्धतीने मांडलेली असते) सगळ्या फायलींची एमएफटी नावाची नोंद असते आणि विझट्री थेट तीच वाचतं. गावात घरोघर फिरण्याऐवजी तलाठ्याचं दप्तर उघडावं, तसं. जुन्या हार्ड डिस्कवर आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसताना हा फरक मोठा. मात्र त्यासाठी अ‍ॅडमिनची परवानगी लागते. पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी या दुसऱ्या पद्धतींचा असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथं वेग बेताचाच. आणि एक अट बहुतेक जण वाचतच नाहीत: ते फुकट आहे ते वैयक्तिक वापरासाठी. दुकानात वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं.

म्हणून दुकानासाठी माझं मत विनडिरस्टॅटला. २००३ पासूनचं, मुक्त स्रोत, धंद्यातही बिनधास्त वापरा. फक्त जुनी १.१.२ आवृत्ती घेऊ नका, ती फार रेंगाळते; २.० पासून पुढची घ्या. वर फोल्डरची यादी, खाली रंगीत चौकोन (फाइल जितकी मोठी तितका चौकोन मोठा), आणि प्रत्येक फाइल प्रकाराला वेगळा रंग. स्टुडिओत खरी मजा इथेच. एमपी४ चे चौकोन मोठे असणारच, पण त्यांच्या शेजारी सीएफए नावाच्या फायलींचं ठिगळ दिसलं तर तो व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियर प्रोचा मीडिया कॅश, म्हणजे त्याने कामापुरत्या बनवलेल्या फायली. तो अ‍ॅपडेटा या विंडोजच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून एरवी सापडत नाही. प्रीमियरच्याच सेटिंगमधून साफ करा, लग्नाच्या मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही.

चौकोनांची ही कल्पनाही डिस्क भरल्यामुळेच सुचलेली. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठात चौदा जण मिळून ८० एमबीची एकच डिस्क वापरत. ती कोणी भरली हे शोधताना तिथले संगणकशास्त्राचे प्राध्यापक बेन श्नायडरमन यांना ट्रीमॅप, म्हणजे हे चौकोनांचं चित्र, सुचला.

असेच चौकोन दाखवणारं स्पेसस्निफर इन्स्टॉल करावं लागत नाही, गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधूनच चालवा. चौकोनांपेक्षा यादी आवडत असेल तर ट्रीसाइज फ्री. लिनक्सवाल्यांना फाइललाइट, त्यात गोल कड्या दिसतात.

कोणतंही घ्या, पेजफाइल आणि विनएसएक्सएस (विंडोजला चालायला लागणारी फाइल आणि फोल्डर) मोठे दिसले म्हणून हात लावू नका. विंडोज.ओल्ड (जुन्या विंडोजचं मागे राहिलेलं फोल्डर) दिसलं तर ते विंडोजच्याच डिस्क क्लीनअपमधून काढा.