सुई टोचणाऱ्याला पाच तारे, काउंटरला दोन

घराजवळच्या या लॅबकडून दीड वर्ष रक्त तपासून घेतोय. आमच्या हिला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला. लघवीची गोळी चालू असते, त्यामुळे दर महिन्याला सोडियम-पोटॅशियम बघावं लागतं.

घरी येणारा मुलगा गुणी. हिची शीर पटकन सापडत नाही. तो गरम टॉवेल मागतो, दोन मिनिटं थांबतो, आणि एका टोचण्यात काम. हॉस्पिटलात दाखल असताना सलाइन सुरू असलेल्याच हातातून रक्त घेऊन आकडे चुकवून ठेवले होते, ते ऐकल्यापासून हा तर पहिलं तेच विचारतो.

राग आहे तो काउंटरवर. मे महिन्यात सोडियम आलं 131. हवं 135 ते 145. रिपोर्टात नुसता 'एल', म्हणजे 'लो', कमी. फोन केला तर बाई म्हणाल्या, "काका, घाबरू नका, मीठ-साखरेचं पाणी द्या." मी पातेलं गॅसवर ठेवलंही होतं. तेवढ्यात वजनाच्या वहीकडे लक्ष गेलं. चार दिवसांत दोन किलो वर, घोटे सुजलेले! डॉक्टर म्हणाले, मीठ कमी नाही हो, पाणी जास्त झालंय. फुफ्फुसांकडे रक्त ढकलणारी हृदयाची उजवी बाजू थकली की शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं, पाणी घातलेल्या ताकासारखं. त्यांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं, गोळीही बदलली.

मुलानं नंतर वाचून दाखवलं. 2008 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी हिच्यासारख्या आजाराचे 40 रुग्ण पाहिले. सोडियम 136 किंवा खाली असलेल्यांत वर्षभर जगण्याचं प्रमाण 38 टक्के, बाकीच्यांत 93. माणसं चाळीसच, शिवाय तेव्हापासून औषधंही वाढलीत. तरी हिला काही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये आमचं 135 होतं. रेंजमध्ये बसलं म्हणून 'एल' नाही, कुणी बघितलंही नाही. मार्चमध्ये 138. लॅबवाल्यांनो, मागचे आकडे शेजारी छापा, एवढं तरी करा. माझ्या वहीत आहेत, तुमच्या कॉम्प्युटरात नाहीत?

सकाळी सातचा शब्द दिला की सव्वासातला हजर. रविवारी फोन उचलत नाहीत. काल 134 आलं. सूज उतरलीय, जिना एका दमात अजून जमत नाही.