उपवासकाळातील पुठ्ठ्याची पेटी : ‘सीआरएस राइस बोल’

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेने क्रूस रेखून घेतल्यानंतर अमेरिकेतील हजारो कॅथलिक धर्मग्रामांत (स्थानिक चर्चच्या समुदायांत) कुटुंबांच्या हाती एक घडी घातलेली रंगीत पुठ्ठ्याची पेटी आणि चाळीस दिवसांची दिनदर्शिका दिली जाते. ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ (सीआरएस) या मदतकार्य करणाऱ्या संस्थेचा हा उपक्रम ‘राइस बोल’ या नावाने ओळखला जातो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी, ही पेटी जेवणाच्या टेबलावर अवश्य ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे जरा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पेन्सिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे १९७५ साली मॉन्सिन्यॉर (धर्मगुरूंची एक मानाची पदवी) रॉबर्ट कोल यांच्या पुढाकाराने हा उपक्रम सुरू झाला. आफ्रिकेत तेव्हा दुष्काळ होता. घरातले एक जेवण साधे करावे, त्यातून वाचलेले पैसे पेटीत टाकावेत आणि भुकेल्यांसाठी प्रार्थना करावी, एवढीच मूळ कल्पना होती. पुढे १९७७ साली अमेरिकेच्या बिशपांनी ती राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली. जमलेल्या रकमेपैकी पंचवीस टक्के रक्कम त्याच धर्मप्रांतातील, म्हणजे त्या बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशातील, गरजूंसाठी राहते आणि उरलेली पंचाहत्तर टक्के संस्थेच्या कामासाठी जाते. ही संस्था भारतातही १९४६ पासून कार्यरत आहे, त्यामुळे आपल्या मुलांना हे दान कोणा अनोळखी जगासाठी आहे असे वाटण्याचे कारण नाही.

कल्पना अर्थातच १९७५ सालची नव्हे. दुसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती ग्रंथात उपवास करणाऱ्याला असे सांगितले आहे की, त्या दिवशी जे अन्न तू खाल्ले नाहीस त्याची किंमत मोज आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातही परमेश्वराला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे, असेच म्हटले आहे. आपल्याकडे मात्र उपवासकाळ म्हणजे मांस वर्ज्य करणे, शुक्रवारी येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी क्रुसाच्या वाटेची भक्ती करणे आणि रविवारी दानपात्रात काही टाकणे, अशी तीन वेगवेगळी कर्तव्ये होऊन बसतात. पहिले स्वयंपाकघरात घडते, दुसरे चर्चमध्ये, तिसरे पाकिटातून. आणि त्यांचा परस्परांशी काय संबंध आहे हे घरातल्या लहानांना कोणी सांगत नाही. या पेटीचे खरे मोल असे की, ती या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आणते. शुक्रवारी मटणाऐवजी डाळभात झाला, फरकाचे पैसे सर्वांसमोर मोजून पेटीत पडले आणि मग ताटावर हात जोडले गेले, की आठ वर्षांच्या मुलालाही उपवास कशासाठी असतो ते कळते.

दिनदर्शिकेतील रोजच्या छोट्या सूचना मला सर्वांत आवडतात. घरातील प्रत्येक नळामागे एक नाणे टाकावे, अशा धर्तीच्या सूचनांमुळे सवयीने दिसेनाशा झालेल्या सुखसोयी पुन्हा नजरेत येतात, आणि पाण्यासाठी आभार मानावेत ही गोष्ट उपदेशाविना साधते. निरनिराळ्या देशांतील बिनमांसाच्या पाककृतीही दिलेल्या असतात. त्या करून पाहाव्यात, पण डाळ, भात आणि भाजी ज्यांच्या रोजच्या जेवणातच आहे त्यांनी केवळ पाककृतीसाठी नवे जिन्नस विकत आणणे हे साधेपणाच्या हेतूला सोडून होईल. आपली डाळ पुरेशी आहे.

ऑनलाइन दान करण्याची सोय आहे आणि हाती सुटे पैसे फारसे नसतात हेही खरे. तरीही मुले असलेल्या घरात नोटा आणि नाणीच वापरावीत, कारण कार्डाने केलेले दान त्यांना दिसत नाही.

माझा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. दिनदर्शिका पुनरुत्थानाच्या सणापाशी थांबते, पेटी धर्मग्रामात परत जाते आणि टेबल पुन्हा पूर्वीसारखे होते. चर्चच्या वर्षात ईस्टर हा एका रविवारचा सण नाही; पेन्टेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस त्याचेच आहेत, म्हणजे उपवासकाळापेक्षाही अधिक. शिवाय शुभवर्तमानातील पुनरुत्थित प्रभू वारंवार जेवणाच्या प्रसंगीच भेटतो. अम्माऊस या गावी त्याने भाकर मोडली तेव्हा शिष्यांनी त्याला ओळखले, आणि तिबिर्याच्या समुद्रकाठी त्याने कोळशावर मासे भाजून ‘या, न्याहारी करा’ असे म्हटले. चाळीस दिवस जेवणाच्या टेबलावर इतक्या काळजीने काम करणाऱ्या उपक्रमाने याच प्रसंगांना पुढे न्यायला हवे होते. त्यागासाठी रोजची सूचना आहे, आनंदासाठी नाही, ही उणीव मला मोठी वाटते. आम्ही घरी त्यावर असा उपाय केला आहे की, पेटी परत दिल्यानंतर एक साधा डबा त्याच जागी ठेवायचा, आणि पेन्टेकॉस्टपर्यंत दर रविवारी एकट्या राहणाऱ्या कोणाला तरी जेवायला बोलावण्यासाठी त्यातील पैसे वापरायचे.

पेटी आणि दिनदर्शिका धर्मग्रामाकडून विनामूल्य मिळतात. इतर पंथांच्या कुटुंबांनाही त्यात अडचण वाटावी असे काही नाही. राखेच्या बुधवारी मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) जाता आले नाही, तर धर्मग्रामाच्या कार्यालयात चौकशी करावी.