'फायर अँड ब्लड' घ्यावं की डंक-एगच्या कथा?

'गेम ऑफ थ्रोन्स' ज्यावर बेतलं, त्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या मूळ पाच कादंबऱ्या वाचून झाल्या, सहावी अजून आलेली नाही आणि त्यातलं वेस्टेरॉस हे काल्पनिक जग काही सोडवत नाही. अशा वेळी हात आपसूक 'फायर अँड ब्लड'कडे (२०१८) जातो, कारण 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही टीव्ही मालिका त्यावरच बेतली आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचंच 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स' (२०१५) हे डंक-एगच्या कथांचं पुस्तक मागे राहतं. एकच घ्यायचं असेल, तर मी हे दुसरं घ्या म्हणेन, तेही पात्रांसाठी.

'फायर अँड ब्लड' हा आर्चमेस्टर गिल्डेन या काल्पनिक इतिहासकाराने लिहिलेला टार्गेरियन या ड्रॅगनस्वार राजघराण्याचा इतिहास आहे. पहिला राजा एगॉनच्या स्वारीपासूनची साधारण १३० वर्षं, सातशेहून जास्त पानं. मूळ कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण कुणा एकाच्या मनात शिरून लिहिलेलं असायचं. टिरियनचा कडवटपणा, आर्याची भीती आपण आतून जगलो. इथे ते दारच बंद आहे. हेलेना राणीचा प्रसंग घ्या. दोन मुलग्यांपैकी कोणाला मारायचं, हे मारेकरी तिलाच ठरवायला लावतात. ती धाकट्याचं नाव घेते, ते थोरल्याला मारतात. पुढे त्या धाकट्याकडे बघणंही तिला सोसत नाही. एवढं भयंकर लिहून मार्टिन तिचं दुःख थोडक्यात आटोपतात आणि युद्धाकडे वळतात. त्या आईसोबत अख्खं प्रकरण घालवायला मिळायला हवं होतं! गादीवर हक्क सांगणारी रेनिरा आणि तिचा नवरा डेमन यांच्या बाबतीतही तेच. सेप्टन (धर्मगुरू) युस्टेस एक सांगतो, मश्रूम हा विदूषक त्याहून चावट काहीतरी सांगतो, आणि या साक्षींच्या ओढाताणीत माणूस हाती लागत नाही. राजा जेहेरिस आणि राणी अ‍ॅलिसॅनचा भाग तेवढा अपवाद: मुलं गमावत, एकमेकांवर रुसत झिजत गेलेला त्यांचा संसार खरंच मनाला लागतो.

दुसऱ्या पुस्तकात तीन दीर्घकथा आहेत, मूळ कादंबऱ्यांच्या सुमारे ९० वर्षं आधी घडणाऱ्या. ड्रॅगन संपलेत. राजधानीतल्या फ्ली बॉटम या गरीब वस्तीत अनाथ वाढलेला, स्वतःला मठ्ठ समजणारा आडदांड भटका नाइट (सरदार-योद्धा) डंक आणि त्याच्या मागे लागलेला, डोकं तासलेला पोरगा एग, एवढ्या दोघांवर सगळं उभं आहे. एका कथेत दुष्काळात ओढ्याच्या पाण्यावरून दोन जमीनदारांची जुंपते. बस्स, इतकंच! पण डंक प्रत्येक निर्णयाआधी अडखळतो, घाबरतो, तरी दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, आणि आपण त्याच्या काळजीने पान उलटतो.

वंशावळी, राज्यकारभार, ड्रॅगनांच्या लढाया यांचीच ओढ असेल, किंवा पडद्यावर पाहिलेल्या घटना मुळात कशा नोंदवल्यात हे पाहायचं असेल, तर 'फायर अँड ब्लड' भरपूर देतं. फक्त तो पहिला खंड आहे, दुसरा आलेला नाही. डंक-एगचा प्रवासही अर्धाच लिहिला गेलाय, पण तिन्ही कथा आपापल्या जागी पूर्ण होतात. 'द हेज नाइट' या पहिल्या कथेपासून सुरुवात करा.