वाकळी, भिजलेले फोटो आणि दोन यंत्रं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला घरात विजेवर चालणारं झिगझॅग शिलाई मशीन आलं आणि संक्रांतीच्या आसपास संगणकाला जोडून कागद कापायचं यंत्र. आता जून अर्धा सरलाय. शिलाई मशीनला आठ महिने झाले, कापायच्या यंत्राला पाच. एवढ्यात सहा वाकळी (गोधड्या), चार पिशव्या आणि फोटोंची दोन जाड पुस्तकं झाली. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, कारण या किमतीतली मशिनं आतून एकमेकांच्या फार जवळची असतात. मला आलेल्या अडचणी त्या प्रकारच्या कुठल्याही मशीनवर येतील.

हे सगळं पुरामुळे सुरू झालं. आमचं जुनं घर सांगलीत गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. माडीवर नेता आलं तेवढं नेलं, पण सासूबाईंची ट्रंक खालीच राहिली. तिच्यात त्यांची लुगडी होती आणि घरातले फोटो. लुगडी धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. फोटो जमतील तसे सोडवून रद्दीच्या कागदात गुंडाळले. त्यानंतर आम्ही विश्रामबागला राहायला आलो आणि ते गाठोडं तसंच कपाटावर पडून राहिलं. सासूबाईंना त्या लुगड्यांच्या वाकळी करून एकेका नातवंडाला द्यायच्या होत्या. वय ८१, डोळ्यांमुळे हाताने धावदोरा घालणं आता होत नाही. म्हणून मशीन.

घेताना दुकानात संगणकी मशीनही दाखवलं, टाक्यांचे शंभर नमुने असलेलं. मी साधं, गोल खटका फिरवून टाका निवडायचं मशीन घेतलं. वाकळीला सरळ टाका आणि झिगझॅग एवढंच लागतं. शिवाय हे मशीन समोरून उघडून शटल बाहेर काढता येतं, आतला कापसाचा भुगा ब्रशने झाडता येतो. जुन्या सुती कापडातून किती भुगा पडतो हे शिवल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या वाकळीनंतर कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांच्या खाली राखाडी गादीच तयार झालेली असते, ती काढली नाही तर कापड पुढे सरकत नाही. मी दर दोन बॉबिनांनंतर (खालच्या दोऱ्याची रिळं) झाडते.

पहिला महिना फार त्रासाचा गेला. वरून टीप सुरेख, खाली दोऱ्याचा गुंता. दुरुस्तीवाल्याकडे दोनदा नेलं, दोन्ही वेळा पैसे घेऊन "टेन्शन सेट केलंय" म्हणून परत दिलं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. कारण शेवटी पुस्तिकेत सापडलं. खाली गुंता झाला की आपण बॉबिनला दोष देतो, पण खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारं पाऊल, वर उचललेलं हवं. फूट खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, नुसता वरून जातो. मग त्याला ताण कुठला? मी सवयीने फूट खाली ठेवून ओवत होते, कारण आमच्या पायमशीनवर ते खपून जायचं. त्या दिवसापासून फूट वर, मग दोरा, मग वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून गेलाय ना ते बघायचं, मग सुई. गुंता बंद. टेन्शनचा आकडा ४ वर ठेवलाय, तो फारसा हलवावा लागलेला नाही.

दुसरं सुईचं. मशीनबरोबर ११ नंबरची सुई आली होती, ती ब्लाउजच्या कापडाला ठीक. पाच पदरी वाकळीत ती वाकायची आणि टाके सुटायचे. १४ नंबर चालला, आणि कडेला जिथे पदर वाढतात तिथे १६. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, ०.९० मिमी. घरगुती मशीनची सुई एका बाजूने चपटी असते आणि समोरून बॉबिन घालायच्या माझ्या मशीनमध्ये चपटी बाजू मागे जाते. साधारण आठ तास शिवल्यावर सुई बदलावी असं सांगतात. मी एका वाकळीला एक सुई असा हिशोब धरला आणि तो बरोबर बसला. सुई बोथट झाली की आवाज बदलतो, कापडातून जाताना 'टप टप' ऐकू येतं. जुनं लुगडं मऊ असतं, बोथट सुईने त्याचे धागे तुटून बारीक भोकांची ओळ पडते आणि ती पुन्हा मिटत नाही.

दोरा मात्र जुना वापरू नका. आमच्याकडे जुनी सुती रिळं होती, रंग इतके छान की मोह झाला. हाताने ताणून बघितलं तर तटकन तुटला. कापडपेठेतून नवीन पॉलिस्टर दोरा आणला.

आता ज्या वस्तूसाठी मी हा अनुभव लिहायला बसले ती. वॉकिंग फूट. साध्या फुटाखाली दाते फक्त खालचं कापड पुढे ओढतात, वरचं कापड मागे राहतं. दोन पदरांना फरक जाणवत नाही, पण पाच पदरांच्या वाकळीत दीड हात शिवून झालं की वरच्या लुगड्याचा फुगा येतो आणि शेवटी चुण्या पडतात. माझ्या पहिल्या वाकळीत तसंच झालं, अर्धी उसवली. वॉकिंग फुटाला स्वतःचे दाते असतात. त्याची एक दुबेळकी दांडी सुई घट्ट करायच्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली झाली की दांडीही होते आणि वरचे दाते खालच्या दात्यांबरोबर पाऊल टाकतात. सगळे पदर एकत्र पुढे जातात. सातशे रुपयांच्या आत मिळालं. बसवायला मूळ फुटाचा खांबच काढावा लागतो, पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, आता दोन. आवाज जास्त करतं, आणि वेगाने पळवलं तर दांडी स्क्रूवरून निसटते, म्हणून सावकाश चालवायचं. दुसऱ्या वाकळीपासून एकही चुणी नाही. सासूबाईंनी उलटीकडून हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "ही वाकळ झाली गं." त्यांच्या हातची वाकळ मी वर्षानुवर्षं पांघरलीय, त्यामुळे मला याहून मोठी पावती नको होती.

तरी पायमशीन विकू नका. आमचं काळं, लोखंडी मशीन झिगझॅग करत नाही, मागे टीप मारत नाही, पण वाकळीच्या कोपऱ्यात जिथे काठ दुमडून आठ-नऊ पदर होतात तिथे ते न थांबता जातं. विजेचं मशीन तिथे गुरगुरतं आणि थांबतं. जोर लावला तर मोटर तापल्याचा वास येतो, तेव्हा लगेच पाय काढायचा. कोपरे मी पायमशीनवर शिवते. परवा वळवाच्या पावसात दोन तास लाइट गेली तेव्हाही काम चालू राहिलं. वादी नवी घातली आणि तेल बदललं. पूर्वी कुणीतरी त्यात खोबरेल सोडत असे, थंडीत ते थिजून मशीन जड व्हायचं. शिलाई मशीनचं पांढरं तेलच घाला.

रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याची सुरी, आणि त्याखालची मॅट. ४५ मिमीचं पातं घ्या. लुगड्याच्या सरळ पट्ट्या काढायला कात्री याच्या जवळही येत नाही. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कात्रीने सरळ रेषेत कापताना हात दुखून यायचा. जुनं कापड फाडूनही चालत नाही, विरलेल्या जागी फाट वाकडी जाते. एप्रिलमध्ये मॅट खिडकीजवळ उभी ठेवली होती, सांगलीच्या उन्हाने ती पन्हाळीसारखी वाकली. नवी घ्यावी लागली. आडवी, सावलीत ठेवा. आणि पातं प्रत्येक वेळी झाकणात. घरात लहान मुलं येत असतील तर याला पर्याय नाही.

कागद कापायच्या यंत्राबद्दल माझं मत इतकं एकमुखी नाही. किंमत शिलाई मशीनच्या दुप्पट. काम सोपं: १२ बाय १२ इंचाच्या चिकट मॅटवर कागद लावायचा, संगणकातून आकृती पाठवायची, बारीक पातं ती कापतं. २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद उत्तम कापला जातो. आपला झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद मॅटवरून सोडवताना फाटतो. मॅटला धूळ बसली की चिकटपणा जातो. कोमट पाणी आणि थोडा साबण लावून हलक्या हाताने धुतली, सावलीत वाळवली की बराचसा परत येतो. पावसाळ्याची हवा लागल्यापासून कागद कडेला वळतोय, म्हणून कागद आता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

मराठी अक्षरांची गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तिकेत नव्हती, ती सविस्तर सांगते. पहिल्या पानावर 'गावभाग' असं नाव कापायला दिलं. यंत्राने प्रत्येक अक्षर सुटं कापलं. आपल्या लिपीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ती एक रेघ दिसते, पण पात्याला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ते रेघेच्या मधूनच चिरत जातं. यंत्राबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटीही भलत्या जागी जात होती. उपाय इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडला, ते मोफत आहे. नाव युनिकोडमध्ये टाइप करायचं, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, 'अनग्रुप' करायचं, सगळं निवडून 'युनियन' करायचं आणि एसव्हीजी फाइल म्हणून ठेवायचं. सगळ्या कडा एक होतात. आणि मग जे निघतं ते बघून मला खरंच आनंद झाला: 'गाव' आणि 'भाग' असे दोनच तुकडे, अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ तुटते तिथे तुकडा पडतो, बाकी नाव एकसंध. इंग्रजी नावाचं एकेक अक्षर उचलून ओळीत चिकटवावं लागतं, आपलं नाव एक-दोन उचलींत पानावर येतं. ग, ण, श यांचे सुटे दिसणारे भागही वरच्या रेघेने धरलेले असतात. अनुस्वार मात्र सुटतो. 'सांगली' कापलं की टिंब मॅटवरच राहतं, ते चिमट्याने उचलून वेगळं लावायचं. टाइप जाड निवडा. 'बालू' हा फुकट मिळणारा टाइप मला सगळ्यात चांगला वाटला, बारीक रेघांचे टाइप सोडवताना तुटतात.

फोटोंचं काम यंत्राचं नाहीच, कागदाचं आहे. पुरात सगळ्यात जास्त नुकसान चिकट पानांच्या अल्बममधल्या रंगीत फोटोंचं झालं. वरच्या प्लास्टिकलाच रंग चिकटून आला. जुने कृष्णधवल फोटो त्यापेक्षा पुष्कळ टिकले, सासूबाईंच्या लग्नातला एक तर जवळजवळ जसाच्या तसा आहे. ज्यांच्याकडे पुन्हा कधी अशी वेळ येईल त्यांच्यासाठी: एकमेकांना चिकटलेले ओले फोटो वाळू देऊ नका, ओढूही नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, सुटतील तेव्हा सोडवा, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. उन्हात ते वळतात. तेव्हा आम्ही रद्दीत गुंडाळले ही चूकच झाली. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, तोच कागद पिवळा करतो, आणि त्याचं आम्ल शेजारच्या फोटोत उतरतं.

म्हणून पुस्तकाला आम्लविरहित, लिग्निन नसलेला कागद घेतला. तो महाग आहे, आणि सांगलीत मला मिळाला नाही, मागवावा लागला. नुसती रंगीत कार्डशीट स्वस्त पडते, पण तिच्यावर फोटो ठेवायला माझं मन धजत नाही. तिची फक्त सजावट कापते, तीही फोटोला लागणार नाही अशी. फोटोला गोंद अजिबात नाही, चारी कोपऱ्यांना कागदी खोपे. ते खोपे मात्र यंत्र एका पानात साठ कापून देतं, सगळे एका मापाचे. मूळ फोटो आधी ६०० डीपीआयवर स्कॅन केले. नावं, नाती फोटोखाली पानावर पेन्सिलने लिहिली, सासूबाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. तीन माणसं त्यांच्याशिवाय कुणाला ओळखू आली नसती.

दोन्ही यंत्रं एकत्र कामाला आली ती वाकळीवर नाव लावताना. सुती कापड तसंच कापायला दिलं तर पातं ते ओढत नेतं, धागे निघतात. कापडाच्या मागे इस्त्रीने फ्युजिंग (गरम केल्यावर चिकटणारं अस्तर) चिकटवलं की ते कागदासारखं ताठ होतं आणि स्वच्छ कापलं जातं. नाव वाकळीच्या कोपऱ्यात ठेवून कडेने बारीक झिगझॅग. इथे शिरोरेषा पुन्हा उपयोगी पडते, नाव हलत नाही.

कुणी विचारलं तर मी सांगेन, आधी सुया, वॉकिंग फूट आणि रोटरी कटर घ्या, घरात मशीन कुठलंही असो. फक्त जुनं पायमशीन असेल तर फूट त्याला बसतो का ते दुकानात मशीनच्या फुटाशी ताडून बघा, आमच्याला बसला नाही. कापायचं यंत्र वर्षाला दोन-चार पानांसाठी घेऊ नका. मुलांच्या बारशाची, वाढदिवसाची नावं इतरांसाठीही कापून देणार असाल तर घ्या. माझ्याकडे आता शेजारच्या दोघी नावं कापून न्यायला येतात, तेव्हा कुठे ते रोज चालू होतंय.

सातवी वाकळ मशीनखाली आहे. आतले पदर विट्याहून आणलेल्या मांजरपाटाचे, वरचा सासूबाईंच्या हिरव्या इरकलीचा. काठ जड आहे, तो पायमशीनवर लावायचा.