प्रवासी जेट विमान: वेग जुनाच, भरवसा नवा

विमानसेवा विकली जाते वेगाच्या नावावर. गंमत अशी की हा वेग १९५८ नंतर वाढलेलाच नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बोइंग ७०७ अटलांटिकवर नियमित ये-जा करू लागलं. ते ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडायचं आणि आजची नवीकोरी विमानंही साधारण तेवढ्याच वेगानं जातात. ध्वनीच्या वेगाजवळ पोचलं की हवेचा विरोध झपाट्यानं चढतो आणि इंधन परवडेनासं होतं. कॉन्कॉर्ड या विमानानं १९७६ ते २००३ ध्वनीच्या दुप्पट वेगानं प्रवासी नेले खरे, पण शंभरेक माणसांसाठी जळणारं इंधन आणि जमिनीवर ऐकू येणारा स्फोटासारखा आवाज यांचा हिशेब कधी नीट जुळला नाही.

त्यामुळे या सेवेला गुण द्यायचे ते भरवशासाठी. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं, अंतर जेमतेम ३६ मीटर. त्यांची खरी कमाई होती नियंत्रणाची: नाक वर-खाली, पंख डावी-उजवीकडे कलते आणि दिशा, या तिन्ही गोष्टी वैमानिकाच्या हाती. आजही विमान याच तीन हालचालींवर चालतं. बाकीचा भरवसा मात्र अपघातांतून कमावलेला आहे. १९५४ मध्ये कॉमेट नावाची दोन प्रवासी जेट विमानं हवेतच फुटली. तपासात अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हापुन्हा दाब दिला, तेव्हा उघडं पडलं की दर उड्डाणाला फुगणारा-आकसणारा धातू थकतो आणि खिडक्यांसारख्या कापलेल्या भागांच्या कोपऱ्यांपाशी तडकतो. म्हणून आज विमानाचं वय वर्षांइतकंच उड्डाणांच्या संख्येवरही मोजतात. खिडकीच्या तीन काचांपैकी मधल्या काचेतलं बारीक छिद्रही दाबासाठीच असतं. त्यामुळे केबिनचा सगळा भार बाहेरच्या काचेवर राहतो आणि मधली राखीव उरते. छिद्र दिसलं म्हणून घाबरू नये.

आरामाचे गुण कापावेच लागतात. आतला दाब समुद्रसपाटीचा नसतो, १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. २४०० मीटरच्या दाबाला पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशानं फुगतो. डाळ-कडधान्यं आदल्या जेवणात नकोत. आर्द्रता बरेचदा २० टक्क्यांच्याही खाली, म्हणून घसा आणि डोळे कोरडे पडतात. कान दुखतात ते बहुधा उतरताना, कारण कानाच्या नळीतून हवा बाहेर सहज जाते, आत मात्र अडते. विमान उतरू लागताच जागं राहून घोट गिळत राहावं. नाक चोंदलेलं असताना प्रवास टाळलेला बरा. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त केल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हादरे कमी हवेत तर जागा पंखांजवळची घ्यावी, शेपटीकडे झोके जास्त. पट्टा मात्र दिवा विझला तरी बांधलेलाच असू द्या.

सुरक्षेच्या सूचनांकडे कोणी लक्ष देत नाही, ही या सेवेची सर्वांत वाईट सवय. ३५ हजार फुटांवर दाब गेला तर शुद्धीवर राहायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. म्हणून आधी स्वतःचा प्राणवायूचा मास्क, मग मुलाचा. मास्क खाली ओढल्याशिवाय बहुतेक विमानांत प्राणवायू सुरू होत नाही आणि पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो. साठा साधारण १२ ते १५ मिनिटांचा. तेवढ्यात वैमानिक १० हजार फुटांवर उतरतो. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत ठेवू नका: लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती दिसते आणि विझवता येते, सामानाच्या कप्प्यात कोणी पोचू शकत नाही.

आता या यंत्रासोबत न मागता आलेल्या गोष्टी. १९११ मध्ये, म्हणजे पहिल्या उड्डाणाला आठ वर्षं होतात न होतात तोच, लिबियात इटलीच्या वैमानिकानं विमानातून बॉम्ब टाकले. युद्धात आघाडी आणि गाव यांतला फरक पुढे पुसला गेला, त्यात विमानाचा वाटा मोठा. नियमित उड्डाणांचा भरवसा विषाणूंनाही तितकाच मिळतो. २००३ मध्ये सार्स हाँगकाँगहून टोरांटो आणि सिंगापूरला पोचला तो प्रवाशांसोबत. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि मागे उमटणारे पांढरे पट्टे उष्णता अडवतात ते वेगळंच.

म्हणून शिफारस अंतर बघून. समुद्र ओलांडायचा असेल तर पर्याय नाही, बिनधास्त घ्या. पण शहराच्या मध्यातून मध्यात तीन-चार तासांत नेणारी रेल्वे असेल तर विमान घेऊ नका: विमानतळ गाठणं, तपासणी आणि सामानाची वाट यांत वाचलेला वेळ संपतो, आणि इंधनाचा मोठा हिस्सा नुसतं वर चढण्यातच जातो.